तळं बघायचं त्यांनी हात वर करा

झाशीत एक्स-रेच्या रांगेत माझ्यापुढे रेल्वे कॉलनीतल्या दोन मराठी बायका बसल्या होत्या. एकीला धड बोलायलाही दम पुरत नव्हता.

"क्षमा, लडाख फिरायला गेलीस आणि छातीत पाणी घेऊन आलीस?"

"स्वस्तातली टूर, वहिनी. बारा माणसं, एकच गाडी. मिठाच्या तळ्याकाठी तंबूत मला श्वासच घेता येईना. ओठ निळे पडले."

"मग ताबडतोब खाली आणायचं ना!"

"ड्रायव्हर भैया तेच सांगत होता, मॅडम को अभी नीचे ले चलो. पण गाडी खाली गेली असती तर बाकीच्यांचं पुढचं मोठं तळं हुकलं असतं. म्हणून टूरवाल्यानं मत घेतलं. तळं बघायचं त्यांनी हात वर करा."

"अगं बाई! माणूस मरतंय आणि हे हात वर करतायत?"

"अकरातले दहा हात वर झाले."

"मेले कुठले! बरं, एकटे भावजी तरी तुझ्या बाजूनं उभे राहिले."

"हात वर न केलेल्या त्या टूरमधल्या गरौठ्याच्या मास्तरीणबाई होत्या. त्याच माझ्याजवळ थांबल्या, त्यांनीच मिलिटरीची गाडी अडवून मला खाली आणलं."

"आणि भावजी?"

"तंबूच्या फटीतून दिसलं मला. पहिला हात ह्यांचाच होता."

तेवढ्यात क्षमाचा नवरा चहाचे कप घेऊन आला.

"नंबर आला का गं? तोवर वहिनींना तळ्याचे फोटो दाखव की. काय निळं पाणी आहे!"

"दाखवा ना, भावजी. यात क्षमा कुठे आहे?"

"ती? ती झोपली होती."