परत न मिळणारं तिकीट

नवरा : …म्हणजे एक पैसाही परत नाही? ताई, अहो बातमी आनंदाची आहे! अकरा वर्षांनी घरात बाळ येतंय. विमानवाल्यांना काळीज आहे की नाही?

तिकीटवाली : अभिनंदन हो दोघांचं! पण त्यांचं काळीज माझ्या कॉम्प्युटरवर दिसत नाही. तिकिटं काढताना घसा कोरडा करून सांगत होते, जरा जास्त भरा, पण रद्द करता येणारी घ्या.

नवरा : मी घेतच होतो. हिनंच मोडता घातला.

बायको : हो. मागं फिरता येईल असं तिकीट मलाच नको होतं.

नवरा : ऐका! आता भोगा.

तिकीटवाली : एक वाट आहे. विमानप्रवास धोक्याचा आहे असं डॉक्टरांनी लिहून दिलं, तर थोडंफार सुटेल.

बायको : त्या नाही देणार. प्रवासाला काहीच हरकत नाही म्हणाल्या. हरकत आहे ती तिथल्या कामाला.

तिकीटवाली : कसलं काम?

बायको : जुन्या रंगीत काचांच्या खिडक्या दुरुस्त करायला शिकायचं होतं. काचेचे तुकडे शिशाच्या पट्ट्यांत बसवतात. दिवसभर शिसं कापायचं, घासायचं, सांधे जोडायला डाग द्यायचे. पोटातल्या बाळाला ते विष. तिथल्या मास्तरांनाच कळवलं मी. म्हातारे आहेत. स्वतः फोन करून म्हणाले, पोरी, येऊ नकोस.

नवरा : वेळेवर कळलं म्हणून बरं, नाहीतर गेलो असतो ना उड्या मारत! हा बघा, आईचाच फोन. तिला अजून सांगितलंच नाहीये. आलोच हं.

(तो फोन कानाला लावून बाहेर जातो.)

तिकीटवाली : पाणी घ्या थोडं. स्वारी भलतीच खूश आहे.

बायको : असणारच. फार झुरलाय तो.

तिकीटवाली : आणि तुम्ही?

बायको : ताई, इतकी वर्षं मी कुठं हलले नाही. न जाणो दिवस राहिले तर, म्हणून हे नको, ते नको. मागच्या वर्षी शेवटी माळ्यावरचा पाळणा देऊन टाकला. पोटभर रडले. आणि मग एका सकाळी उठले तर अगदी हलकं वाटत होतं. म्हटलं, सुटले बाई, आता मला हवं ते शिकीन. मग तुमच्याकडे आलो. परतीची वाट ठेवली असती तर मी पुन्हा कच खाल्ली असती. माझा मलाच भरवसा नव्हता.

तिकीटवाली : हं.

बायको : मूल हवंय मला. खरंच हवंय. पण बातमी कळली तेव्हा आधी रडू आलं ते त्या खिडक्यांसाठी. आई व्हायला निघालेय आणि हे असं! लाज वाटते.

तिकीटवाली : लाज कसली त्यात? एका हातात काही पडलं, म्हणून दुसऱ्या हातातून गेलेलं दुखू नये की काय? तारीख पुढं ढकलता येते बरं का. एकदाच, वर्षाच्या आत.

बायको : मास्तरांची ही शेवटची तुकडी. मग त्या कार्यशाळेला कुलूप.

नवरा : (आत येत) आई रडते काय, हसते काय! पाळणा देऊन टाकला म्हणून वर शिव्याही खाल्ल्या मी. हं, काय ठरलं?

तिकीटवाली : तारीख बदलायची की रद्द करायचं, तुम्ही सांगा.

नवरा : बदला की! बाळानं जरा बाळसं धरलं की तिघं जाऊ. मस्त फिरून येऊ.

बायको : नको. रद्दच करा.

नवरा : अगं, वेडी का तू? हातात काहीच येणार नाही.

बायको : मला तिथं फिरायला नव्हतं रे जायचं.

नवरा : …मला वाटलं, तू पण… काल काही बोलली नाहीस.

बायको : तू इतका हसत होतास.

तिकीटवाली : मग करू रद्द? कारण विचारतंय इथं. काय घालू?

नवरा : घाला… बाळ येतंय म्हणून.

बायको : नको, ते नको. अजून आलंही नाही ते बिचारं, आत्तापासून त्याच्या माथी काही नको. लिहा, प्रवाशाचा विचार बदलला.

नवरा : बदललाय का गं?

बायको : लिहा, ताई.