दोरी टेकली नाई

(बोरगाव मेघे, १९५८. बापूरावांची ओसरी. धुरपता त्यांची सून. नत्थू तिच्या नवऱ्यासोबत, गुलाबसोबत, काश्मिरात मोजणीच्या कामावर होता; आजच परतला.)

धुरपता : खोटारडा आहे तुमचा साहेब. मानूस तळ्यात घालवला अन् कागदावर लिवलं, पळून गेला. नत्थूभाऊ, मामाजींसमोर सांगा.

बापूराव : काय सांगंन तो? धाम नदीत बुडालेला तिसऱ्या दिशी वर येते. म्या सोता काढले. हे लोक पंधरवडा काठावर बसले. वर नाई आला, म्हंजे बुडाला नाई. पळाला.

नत्थू : काका, ते धाम नोहे. तिथं बर्फाची नदी असते.

बापूराव : बर्फ वाह्यते काय रे?

नत्थू : वाह्यते. डोळ्याले दिसत नाई, पन सरकते. जात्यावानी पहाड रगडते, खोल कोरत जाते. मंग कधीकाळी बर्फ मांगं हटते. आनलेले दगडगोटे तोंडाशी पडून राह्यते, तोच बांध. त्याच्यामांगं पानी भरते. आपल्या तलावाचा बांध मानसायनं घातला, तो देवानं...

बापूराव : देव सोडून बोल. दीक्षा घेतली तवाच आपन सोडले ते.

नत्थू : बरं, बर्फानं घातला. तीन बाजूनं उभे सुळके, झाड एक नाई. उतरता काठच नाई. एक पाय दगडावर, दुसरा टाकला का गेलाच.

धुरपता : अन् हे काय करत होते?

नत्थू : खोली मोजाले नावेतून दोरी सोडत होता, शिसं बांधून. मधात दोरी सरली, शिसं टेकलं नाई. वारा सुटलता. गुलाब म्हने, उद्या करू. साहेब काठावरून म्हने, दुसरी दोरी जोड, आजच पायजे. नाव उलटली, ते म्या पाह्यलं. जबानी द्याले गेलतो. साहेबानं हाकलून देल्लं.

बापूराव : मंग वर काऊन नाई आला?

नत्थू : धामेचं पानी ऊन. मढं फुगते, म्हून वर येते. तिथं तळाशी भर जेठातबी बर्फावानी पानी. फुगत नाई, सडत नाई. तिथले लोक वाटच पाहत नाई.

बापूराव : म्हंजे जसा गेला, तसाच आहे?

नत्थू : तसाच, काका.

बापूराव : अन् इथं मले पळपुट्याचा बाप म्हनते. मी मान खाली घालून ऐकतो.

धुरपता : नत्थूभाऊ, त्या तळ्याचा नकाशा झाला?

नत्थू : झाला. काठ सारा भरला. मधात कोरं आहे.

धुरपता : उद्या कचेरीत चाला माह्यासंगं. दोघंबी.

बापूराव : काय म्हनशीन तिथं?

धुरपता : म्हनीन, मी गुलाबची बायको.

बापूराव : नाव घेतलं तुनं त्याचं.

धुरपता : घेतलं. त्यायनं त्या नावाले पळपुटा जोडलं, आता मीच घेईन. म्हनीन, साहेब, तुमी मधात कोरं सोडलं, तिथं माहा मानूस आहे. नाई म्हनता? मंग मले तळ दाखवा.