सरकणारा गुरू

(हिवाळ्यातली संध्याकाळ, नुकताच अंधार पडलेला. थोरलीच्या घराची गच्ची, तिपाईवर नवीकोरी दुर्बीण. थोरली निवृत्त नर्स, धाकटी शाळेत लिपिक.)

धाकटी : म्हणजे मी रजा टाकून तुझं सामान बांधायला आले, आणि तू आणखी सामान विकत घेऊन बसलीस.

थोरली : तिपाईचा तो पाय घट्ट धर. आणि बोलताना हलू नकोस.

धाकटी : परवा घर बघायला गिऱ्हाईक येतंय, ताई. माझ्याकडे राहायला येते असं तू स्वतःच्या तोंडानं म्हणालीस. मी तुझ्यासाठी खोली रंगवून घेतली.

थोरली : कुठला रंग?

धाकटी : फिकट निळा.

थोरली : छान. आता इकडे ये. मंगळ सापडलाय. चांगला लालबुंद आहे.

धाकटी : बघू. ताई, हा मंगळ उघडझाप करतोय.

थोरली : हवेमुळे होतं तसं. पुस्तिकेत लिहिलंय.

धाकटी : त्याला शिडीपण आहे. मोबाइलचा टॉवर आहे हा. तोही उलटा.

थोरली : यातून उलटंच दिसतं. तेही पुस्तिकेत लिहिलंय.

धाकटी : जन्मभर अंधारात लोकांच्या शिरा शोधल्यास, आणि तुला एक अख्खा ग्रह सापडेना.

थोरली : शीर हाताला लागते. हे काय हाताला लागतंय?

धाकटी : थांब. मोठ्या नळीत टॉवर दिसतोय ना? मग या वरच्या छोट्या दुर्बिणीतही तोच मधोमध यायला हवा. इथे तर कुणाची तरी पाण्याची टाकी दिसतेय. दोघींची तोंडं दोन दिशांना आहेत.

थोरली : आपल्यासारखी.

धाकटी : हे स्क्रू कशाला दिलेत मग? धर टॉर्च. हं. आता आला टॉवर दोन्हीत. बोल, कुठे नेऊ?

थोरली : ते तीन तारे एका ओळीत दिसतात? तो मृगातला बाण. तिथून बरंच वर जा. तो सगळ्यात ठळक, अजिबात न लुकलुकणारा. तो गुरू असणार.

धाकटी : असणार म्हणजे?

थोरली : मीपण मंगळवारीच शिकले. बघ तू. आणि श्वास भिंगावर सोडू नकोस, वाफ धरते.

धाकटी : आला. शर्टाच्या बटणाएवढा आहे. गोल आहे गं अगदी. पण भिंगावर धूळ बसलीय, चार ठिपके दिसतात.

थोरली : एका ओळीत?

धाकटी : हो. तीन इकडे, एक तिकडे.

थोरली : धूळ ओळीत बसत नाही. ते त्याचे चंद्र आहेत.

धाकटी : खरे?

थोरली : मग काय पुस्तिकेसोबत दिलेत?

धाकटी : अगं, तो चालला. गेला बाहेर. मी हातसुद्धा लावला नाही.

थोरली : तो नाही गेला. पृथ्वी फिरतेय, आपण पुढे आलो. नळी जराशी ढकल, सापडेल.

धाकटी : सापडला. ताई, खरं सांग, आत्ता कशाला घेतलीस ही?

थोरली : गाद्या झटकायला वर आले होते. अंधार पडला तरी बसून राहिले. इतक्या रात्रपाळ्या केल्या, पण सगळ्या छताखाली. वर काय चाललेलं असतं ते कधी पाहिलंच नाही. तुझ्याकडून आकाशाची एक पट्टी दिसते, तीही समोरच्यांच्या वाळत घातलेल्या चादरींमधून.

धाकटी : मग नाही म्हणायचंस मला.

थोरली : कशी म्हणणार? तुझी लेक परदेशी गेल्यापासून रोज फोनवर मला विचारतेस जेवलीस का, आणि तू काय खाल्लंस म्हटलं की विषय बदलतेस. म्हटलं, हिच्याजवळ कुणीतरी हवं.

धाकटी : माझ्यासाठी येत होतीस तू?

थोरली : मग तुला काय वाटलं?

धाकटी : मी तर तुला एकटं वाटत असेल म्हणून बोलावत होते. मला वाटलं, तुला स्वतःहून म्हणायला जड जातंय.

थोरली : मला एकटं वाटत नाही असं नाही. पण घर विकण्याएवढं नाही.

धाकटी : आपण दोघी म्हणजे ना.

थोरली : रजा कधीपर्यंत आहे तुझी?

धाकटी : रविवारपर्यंत. पण गिऱ्हाइकाला काय सांगायचं?

थोरली : मीच सांगते फोन करून. घर द्यायचं नाही म्हणून.

धाकटी : आणि मला आठवण आली तर?

थोरली : बस पकडायची आणि यायचं. आठवडाभर मी तुझ्याकडे, शाळेला सुट्टी लागली की आठवडाभर तू माझ्याकडे, असंही करू. चल आता खाली, बोटं बधिर झाली माझी.

धाकटी : तू जा, गारठशील. मी बसते जरा याच्यापाशी.