बियाण्याचं धान

अहेरीला मोटारीची वाट पाहत बसलेली गरोदर रंभा कान देऊन ऐकत होती. दवाखान्याच्या जीपचा ड्रायव्हर अयूब म्हाताऱ्या मुखरूला सांगत होता.

“डाक्टरीणबाईच्या तपासायच्या दिव्यासाठी मागच्या ट्रेलरात दुसरी बॅटरी बसवली, मुखरूभाऊ. जीपची बॅटरी गाडी सुरू कराले राखून ठेवतो.”

“बियाण्याच्या धानासारखी. उपाशी राह्यलो तरी त्याले हात नाई लावत.”

“तसंच. पण काल जंगलातल्या गावात बाळ अडलं, अन् दिवा मंदावला. डाक्टरीणबाई म्हणाली, जीपची बॅटरी बी जोड.”

“बियाणं काढलं?”

“काढलं. पोरगी झाली अन् रडली, तवा दिवा विझत आला होता.”

“मंग गाडी?”

“साऱ्या गावानं ढकलली, तवा सुरू झाली.”

मुखरूनं हात जोडले.

“मंग खाल्लं नाई, अयूबभाऊ. पेरलं.”