खरवडलेला ओढा

सन्माननीय नगराध्यक्ष, व्यासपीठावरील मुख्य अभियंता साहेब, नकाशा विभागातले माझे सोबती आणि तिसऱ्या रांगेत बसलेल्या माझ्या वहिनी, सर्वांना नमस्कार.

आज माझ्या निवृत्तीच्या निरोपात साहेबांनी फारच कौतुक केलं. चौतीस वर्षांत माझी एकही रेघ चुकली नाही म्हणाले. म्हणून तर तुम्ही मला रेघोबा म्हणता! पण साहेब, एक चुकली. सांगू का?

या शहराला पूर्वी एक ओढा होता. जुन्या नकाशात निळ्या शाईनं काढलेला. माझ्या नोकरीच्या सहाव्या वर्षी तोंडी हुकूम आला, "तिथं वसाहत करायचीय, ओढा पुसून टाका." मी ब्लेड घेतलं आणि नकाशाच्या ट्रेसिंग कागदावरची शाई खरवडली. अर्ध्या तासाचं काम. हुकूम देणारे आज हयात नाहीत, त्यांना कशाला बोल लावू? हात माझा होता.

पुढे त्याच वसाहतीत माझ्या थोरल्या भावानं तळमजल्यावर घर बघितलं. मला विचारलं, "तू नकाशावाला. इथं पाणीबिणी भरत नाही ना रे?"

मी म्हणालो, "छे! नकाशात तर काहीच नाही, दादा."

पाणी आलं ते भर दुपारी. दादानं शेजारच्या आजींना जिन्यावर पोचवलं, आणि त्यांची काठी आणायला परत आत गेला. लोंढ्यानं दार दाबून धरलं. वरच्या पायरीवरून वहिनी हाका मारत राहिल्या.

वहिनी, त्यानंतर नऊ वर्षं तुमच्या हातचं जेवतोय, आणि हे सांगायची छाती झाली नाही. आज चारचौघांत सांगतोय, कारण एकट्यात पुन्हा गिळलं असतं.

परवा शाश्वत शहराचा नवा आराखडा मंजूर होणार. त्यात बागा आहेत, सायकलींचे रस्ते आहेत. ओढ्याच्या जागी, जमिनीखाली, वाहनतळ आहे. साहेब, पाणी नकाशा वाचत नाही हो! आज सकाळी मी संगणकावर ओढा पुन्हा आखलाय. आता ब्लेडही लागत नाही, एका बटणानं जातो. तुम्ही तो पुसाल, असंच वाटतंय मला. तरी हात जोडतो. नका पुसू. वाहू दे त्याला उघड्यावर, त्याच्या काठानं झाडं लावा.

वहिनी... निघालात? ते दार जड आहे, कुणीतरी उघडून द्या त्यांना.

आपण वेळ काढून आलात, ऐकून घेतलंत, मनापासून आभार. माझ्या बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर पोटात घाला. दादाचं जाणं मात्र घालू नका.