पिस्तूल आणि माझ्या पाटल्या

आमच्या मानकोलीच्या घरातलं पिस्तूल-प्रकरण तुम्हाला सांगायचं राहिलंच. एक जुनं, गाजलेलं पिस्तूल कंपनीने पुन्हा बाजारात आणलं, आणि आमचे हे आणि त्यांचा चुलतभाऊ मोबाईलवर ते बघून पार वेडे झाले.

"लाकडी मूठ बघ दादा, जुनीच ठेवलीय. गोळ्या पण जास्त बसतात."

"आधी किंमत बघ."

"वहिनीच्या पाटल्या मोडल्या तर जमेल."

ह्यांनी खरंच माझ्या मनगटांकडे पाहिलं. हाताची मेंदीसुद्धा अजून गेली नव्हती.

मी चहा ठेवत विचारलं, "लायसन्सच्या अर्जात जिवाला धोका कोणापासून लिहिणार?"

दोघंही बोटं मोजत दुश्मनांची नावं आठवू लागले.

आतून सासूबाई म्हणाल्या, "माजा नाव लिव. सुनंच्या पाटल्यांना हात लावलास तं धोका हायच."