मंडळी माहेरी गेली होती

बहीण न्हाय हो म्या त्यांची — कुणी सांगितलं तुमाला, पारावरच्या गुंडप्पानं? — बायकू हाय. पंचकळस मांडून, जंगमाच्या हातानं लगीन लागलंय, हितंच भूमला, ह्याच दारात. आठ महिने संग नांदले, मंग ते शिकायला गेले ते दोनदाच आले. बसा की, उठता कशाला. बार्शीकडनं मोगलाईत शिरायचं म्हंजे तरास हाय, करोडगिरीच्या नाक्यावर तुमची पिशवी उसकटली असंल — पर आलाच हात तर बसा. दारात हुबं राहून काय बोललात तुमी? डॉक्टर लिंगैक्य झाले, चार महिने झाले, आता त्यांच्या पत्रांचं पुस्तक काढायचंय, वडलांना लिहिलेली पत्रं द्या. समदं एका दमात. मला कुणी कळवलंच न्हवतं हो. चार महिने. आन् कालच्या बाजारात म्या चुडा भरलाय, ह्यो बगा, कासाराला म्हनलं, घट्ट भर बाबा, लौकर वाढायला नको.

आता ह्यो फोडायचा का ठिवायचा, तेवढं मला सांगा. दुसरं काय न्हाय मागत. पत्रं हाईत, समदी हाईत, मामंजींनी पितळी डब्यात ठिवलेली. मामंजी जाऊन दोन वर्सं झाली, तवापास्नं म्याच राखते. देते तुमाला. पर आदी मला वाचून दावा — मला अक्षर येत न्हाय — "मंडळी" कुठं कुठं लिहिलंय ते. व्हय, मंडळी. नवरा का कदी बायकूचं नाव लिहितो कागदावर? मंडळीच लिहितो. मामंजी ओट्यावर बसून मोठ्यानं वाचायचे आन् म्या दाराआड हुबी. ज्वारीचं कणीस काळं पाडणाऱ्या काणीवर त्यांनी औषध काढलं ते बी दाराआडूनच ऐकलं, सोन्याचा बिल्ला मिळाला ते बी. काणीवाले डॉक्टर म्हनून मुलूखभर नाव झालं, गावानं हार घातले मामंजींना — पर मला त्या काणीचं काय, म्या आपली शेवटाकडं कान लावून. "मंडळींची प्रकृती बरी आहे." एवढं आलं की जीव भांड्यात पडायचा माझा.

तुमी हसू नका. म्या हिकडं, ते बेंगळुरात, आन् माझी प्रकृती त्यांनी कळवायची — मला वाटायचं, मामंजीच लिहीत असतील त्यांना, आन् ते परतून इचारपूस करत्यात. आन् एका पत्रात तर काय व्हतं, "मंडळी माहेरी गेली होती, पाडव्यास परत आली." म्या बी तवा माहेरी तेरखेड्यालाच गेल्ते की, पाडव्यालाच आले! मंग? खोटं कसं म्हनायचं? लोक म्हनायचे, तिकडं दुसरं घर केलंय त्यांनी. म्या म्हनायची, मंग ही पाडव्याला आली ती कोन? त्या एका ओळीवर चौदा वर्सं काढली म्या, खरं सांगते, भाकरीवानी पुरवून पुरवून खाल्ली.

तेच ते. निळ्या शाईचं. वाचा... दिसली न्हवं मंडळी? म्या सांगितलं व्हतं. मंग मान का खाली घातली? मोठ्यानं वाचा. मामंजी बी ह्याच पत्राला खाकरले व्हते, मधीच पानी मागितलं व्हतं, तुमी नका खाकरू — "मंडळी बाळंतपणास माहेरी गेली होती..." काय म्हनलात? बाळंतपणास? असं लिहिलंय? बोट ठिवा त्याच्यावर. मला वाचता येत न्हाय, पर ठिवा बोट.

आन् पुढं? मुलगी. सुखरूप.

ऱ्हाऊ द्या, बंद करा तो कागद. मला म्हाईत हाय... न्हाय, म्हंजे — त्या दिशी सण न्हवता, सोमवार बी न्हवता, आन् मामंजी पत्र वाचून उठले ते चुलीपाशी येऊन म्हनले, पुरण घाल. कशापायी ते इचारलं न्हाय म्या. डाळ शिजवली, वाटली, देवाला दावलं, समद्यांना वाढलं. सासूबाईंनी एक घास खाल्ला न्हाय, पदर डोळ्याला लावून बसल्या. म्या दोन पोळ्या खाल्ल्या. भूक लागली व्हती मला. त्यांच्या लेकीच्या बारशाचं पुरण म्या माझ्या हातानं वाटलं हो, आन् मला ते गोड लागलं. पाटा धुताना कळलं. कळलं व्हतं तवाच — पर तोंडानं कुणी बोललं न्हाय, मंग म्या तरी कशाला खरं धरायचं? न्हाय धरलं. पत्र आलं की दाराआड जाऊन हुबी ऱ्हायले. आज तुमी मोठ्यानं वाचलंत.

एक सांगा. तुमाला धाडलं ते त्यांच्या तिकडच्या बाईंनीच न्हवं? त्यांनी चुडा फोडला? खरं सांगा, मला वाईट वाटंल म्हनून फिरवू नका... फोडला. लेक व्हती का जवळ? व्हती. चांगलं झालं. धरायला कुणी तरी पायजे तवा. मंग त्यांच्या नावानं फुटायचा तो चुडा फुटला, जंगम आला असंल, चार लोक रडले असतील, समदं रीतीनं झालं असंल. माझ्यापाशी फोडायला काय ऱ्हायलं सांगा? म्या कुणाची म्हनून फोडू?

नगं, माझं नाव लिहू नका पुस्तकात. डब्यासकट न्या समदी पत्रं, ही घ्या, ती निळी बी घ्या. तांब्यातलं पानी ऱ्हायलं तर ऱ्हाऊ द्या. उठा आता. परक्या माणसाम्होरं मला रडता येत न्हाय, आन् आता लई येळ आवरता बी यायचं न्हाय. जावा. दार म्या लावते, तुमी जावा.